टेम्पोतला मुक्काम : दिवा थंड हवा, तारेला फ्यूज हवा

बुलडाणा जिल्ह्यात बाजार आणि यात्रा यांच्यावर पोट असणाऱ्या व्यापाऱ्यांचे वर्ष घरात कमी आणि रस्त्यावर जास्त जाते. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळची सैलानी बाबांची यात्रा, देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा, शेगावची गर्दी, आणि या सर्वांच्या मधल्या दिवसांत घाटावरचे व घाटाखालचे आठवडी बाजार. मणियार बांगड्या घेऊन निघतो, कापडवाला गठ्ठे घेऊन, कुणी भांडी, कुणी अत्तर-सुरमा, कुणी खेळणी. पूर्वी माल एस.टी.च्या टपावर किंवा ट्रकात टाकून नेत असत आणि रात्र पालाखाली काढत असत. आता बहुतेकांनी स्वतःचा छोटा टेम्पो घेतला आहे. टाटांचा ‘एस’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘छोटा हाथी’, २००५ मध्ये बाजारात आला आणि त्यानंतर लहान व्यापाऱ्याला स्वतःची चार चाके परवडू लागली.

या टेम्पोचा हौदा साधारण सात फूट लांब व पाच फूट रुंद असतो. त्यावर अँगलचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लाय, मध्ये थर्मोकोल, एका बाजूला फळी टाकून झोपायची जागा, फळीखाली माल, मागे एक दार. दिवसा दुकान, रात्री घर. मोठ्या शहरातील हौशी लोक अशीच गाडी सहलीसाठी बांधून घेतात आणि तिला कॅम्पर किंवा कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. आपला व्यापारी हे नाव न घेता तीच गाडी चालवतो, फरक एवढाच की त्याच्या गाडीत सहलीचे सामान नसून वर्षाचे भांडवल असते.

ही गाडी बांधताना मालक पत्रा किती गेजचा, प्लाय कुठला, रंग कोणता याची बारीक चौकशी करतो. दिव्याचा विषय मात्र शेवटच्या दिवशी, गाडी गॅरेजमधून बाहेर काढताना निघतो. “उस्ताद, आत दोन बल्ब टाकून द्या.” उस्तादही पार्किंगच्या तारेला दोन तारा पिळतो, वर टेप गुंडाळतो आणि दहा मिनिटांत काम संपते. या दहा मिनिटांच्या कामावर त्या गाडीत झोपणाऱ्यांचा जीव अवलंबून आहे, म्हणून हा लेख.

आत काय काय जळते?

हौद्यात काय असते ते एकदा मोजून पाहावे. कापसाची गादी आहे किंवा फोम आहे. रेक्झिन आहे, थर्मोकोल आहे, प्लाय आहे, मालाचे पुठ्ठे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत. कापडाचा व्यापारी असेल तर सारा मालच जळाऊ. आपला जिल्हा कापसाचा. पिंजारी-नद्दाफ बांधवांनी भरलेली रुईची गादी फोमपेक्षा सोसवते आणि उन्हाळ्यात अंगाला बरी वाटते, हे खरेच आहे; पण रुईचा एक दुर्गुण आहे. ती भडकण्याआधी कितीतरी वेळ आतल्या आत धुमसते. ज्वाला दिसत नाही, आवाज होत नाही, आणि निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला वास नसतो. झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही, उलट त्याची झोप अधिक गाढ होते. फोमची तऱ्हा वेगळी. तो पटकन पेटतो आणि त्याचा काळा विषारी धूर एवढ्याशा खोलीत पाहता पाहता भरतो.

त्यात दार एकच, आणि तेही बहुधा बाहेरून कडी असलेले. बंद गाडीत आग लागली आणि दार उपयोगी पडले नाही तर काय होते, ते या जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस उलटली व पेटली, आणि २५ जणांचा मृत्यू झाला. ती आग दिव्याची नव्हती, ती अपघाताची होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण बस दाराच्या बाजूवर पडली आणि जे वाचले ते काच फोडून निघाले, ही गोष्ट बॉडी बांधणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीने लक्षात ठेवावी. हौद्याला दाराशिवाय दुसरी वाट हवी. समोरच्या किंवा बाजूच्या पत्र्यात माणूस निघेल एवढी झडप आणि तिची कडी आतून उघडणारी. दिव्याच्या लेखात दाराचा विषय आला, त्याला इलाज नाही.

जुने दिवे आणि त्यांची उष्णता

पहिला मान गॅसबत्तीचा. यात्रेच्या दुकानावर तिच्याएवढा झगझगीत प्रकाश दुसरा नव्हता आणि काही जुनी मंडळी ती अजून जपून आहेत. तिच्या टाकीतले लिटरभर रॉकेल आठ-दहा तास पुरते. हिशेब केला तर ती जळत असताना एक हजार वॉटच्या शेगडीएवढी उष्णता देत असते. उघड्या मैदानात हे चालून जाते. सात बाय पाचच्या बंद पत्र्यात ती लावणे म्हणजे शेगडी पेटवून झोपणे, आणि हवा खाण्याचे तिचे काम वेगळेच. साधी मेणबत्तीसुद्धा सुमारे ऐंशी वॉट उष्णता सोडते व उघडी ज्योत पिशवीपासून वीतभर अंतरावर असते. कंदील आणि मेणबत्ती हौद्याच्या आत नकोत, यावर दुमत होऊ नये.

दुसरा मान गाडीच्या बल्बचा. इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब गॅरेजमध्ये पडलेला असतो, स्वस्त असतो, म्हणून तोच आत लावला जातो. तारेचा बल्ब घेतलेल्या विजेपैकी जेमतेम पाच-दहा टक्के प्रकाश देतो, बाकी सारी उष्णता. एकवीस वॉटचा हा बल्ब पेटल्यावर काही मिनिटांनी काचेला बोट लावले तर फोड येतो. उघडा टांगला तर त्याची उष्णता हवेत पसरते. पण त्याच्यावर ओढणी पडली, गादीची कड टेकली किंवा मालाचा गठ्ठा सरकून भिडला, तर उष्णतेला जायला जागा राहत नाही आणि काच तापतच जाते. गाडी खड्ड्यातून चालली की माल सरकणारच. घरातल्या बल्बला हा धोका नाही, कारण घर चालत नाही.

तिसरा हॅलोजन. काही लोक मेकअपच्या आरशावरचे किंवा दुकानाच्या शोकेसमधले छोटे बारा व्होल्टचे हॅलोजन काढून गाडीत बसवतात. हे तर मुळीच करू नये. हॅलोजन दिवा ज्या क्रियेवर चालतो तिला काच अडीचशे अंशांच्या वर तापलेली लागते. म्हणजे ती उष्णता हा त्यातला बिघाड नाही, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. कापड, पुठ्ठा, प्लाय यांच्याजवळ अशा वस्तूला जागा नाही.

सीएफएलचा उल्लेख करून पुढे जाऊ. तो कमी तापतो, पण काचेची नळी धक्क्याने फुटते आणि आत अत्यल्प का होईना, पारा असतो. बंद हौद्यात तो फुटलेला कुणाला आवडणार?

एलईडीचा खरा फायदा कोणता?

निळा तेजस्वी एलईडी जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये जगापुढे आणला, त्यातून पांढरा प्रकाश निघू लागला, आणि २०१४ मध्ये नाकामुरा, अकासाकी व अमानो या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे २०१५ पासून सरकारी उजाला योजनेतून एलईडी बल्ब घरोघरी गेले आणि भाव खाली आले. आज खामगाव-मलकापूरच्या कोणत्याही विजेच्या दुकानात तो मिळतो.

एकवीस वॉटचा गाडीचा बल्ब साधारण ४६० ल्युमेन प्रकाश देतो. तेवढाच प्रकाश पाच वॉटचा बरा एलईडी देतो. सात बाय पाचच्या जागेला एवढा प्रकाश पुरे. त्यात पेपर वाचता येतो, हिशेब लिहिता येतो.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. दुकानदार सांगतात की एलईडी लावला म्हणजे गाडी थंड राहील. तसे नाही. झोपलेला माणूस स्वतःच सत्तर-ऐंशी वॉट उष्णता देतो. दोन जुने बल्ब काढून बेचाळीसऐवजी दहा वॉट केले तर हौद्याच्या गरमीत जो फरक पडेल तो मे महिन्यात घाटाखालच्या माणसाला जाणवणारही नाही. तिथे तापतो तो पत्रा, आणि त्याला इलाज वारा व सावली. एलईडीचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक, त्याच्या पुढच्या बाजूला कापडाला पेटवील एवढी तप्त काच नसते. दुसरे, तो बॅटरी खात नाही. लहान टेम्पोची बॅटरी साधारण पस्तीस ते साठ अँपिअर-अवरची. एकवीस वॉटचे दोन बल्ब पाच तास जळले तर साडेसतरा अँपिअर-अवर गेले. पस्तीसच्या बॅटरीतली निम्मी वीज संपली, सकाळी सेल्फ मारला की गाडी नुसती कुरकुरते. पाच वॉटचे दोन एलईडी तेवढ्याच वेळात चार अँपिअर-अवरच्या थोडे वर घेतात. बाजाराच्या दिवशी पहाटे गाडी सुरू झाली नाही तर काय नुकसान होते, ते व्यापाऱ्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. एलईडी पुढून थंड असला तरी मागून तापतो. त्याची उष्णता बुडातून बाहेर पडते. म्हणून तो थर्मोकोलमध्ये खड्डा करून बसवला तर दिवा लवकर मरतो आणि थर्मोकोल मऊ पडते. दिव्याच्या मागे अॅल्युमिनियमची पट्टी किंवा पत्र्याचा तुकडा द्यावा आणि मागे बोटभर हवा ठेवावी. उन्हात छताचा पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो. त्याला चिकटवलेला दिवा बंद असतानाही भाजत असतो. छतापेक्षा बाजूच्या भिंतीवर, डोक्याच्या वर हातभर उंचीला दिवा बसवणे बरे. तिथे गादी उभी करून ठेवली तरी टेकणार नाही अशी जागा निवडावी, किंवा जाळीचे टोपण लावावे.

बारा व्होल्ट हे बारा नसते

एलईडीची चिकटपट्टी हा सध्या सर्वांचा आवडता माल आहे. पाच मीटरची गुंडाळी, मागे चिकट टेप, कात्रीने कापा आणि लावा. काम सोपे आणि दिसायलाही छान. पण बहुतेक तक्रारी याच मालाच्या असतात. “उस्ताद, महिनाभरात अर्धी पट्टी गेली.” उस्ताद म्हणतो चिनी माल आहे. माल कधी कधी वाईट असतोही, पण दोष बहुधा बसवण्यात असतो.

पट्टीवर बारा व्होल्ट लिहिलेले असते. गाडीची भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर असते आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर ती चौदा, सव्वाचौदा व्होल्टपर्यंत नेतो. पट्टीवर तीन एलईडी आणि एक छोटा रेझिस्टर असे घर असते. तीन एलईडी मिळून नऊ-साडेनऊ व्होल्ट घेतात, उरलेले अडीच-पावणेतीन रेझिस्टरवर पडतात. व्होल्टेज चौदाच्या वर गेले की एलईडी आपला वाटा फारसा वाढवत नाहीत, सगळा जादा भार त्या खसखशीएवढ्या रेझिस्टरवर येतो. पट्टीतला करंट पावणेदोन पटीपर्यंत वाढतो आणि रेझिस्टरची उष्णता तिपटीच्या आसपास जाते. पट्टी पिवळी पडते, मागचा गोंद सुटतो, पट्टी लोंबते आणि मालावर पडते. बाराचे चौदा झाले, एवढ्यानेच हे सगळे होते.

याला उपाय स्वस्त आहे. व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी डबी, जिला बाजारात कन्व्हर्टर म्हणतात, बॅटरी आणि पट्टी यांच्यामध्ये बसवावी. दिवा घेतानाच त्यावर ‘नऊ ते तीस व्होल्ट’ असे लिहिलेला घेतला तर ती डबी आतच असते आणि तो चोवीस व्होल्टच्या गाडीलाही चालतो. पट्टीच वापरायची असेल तर मीटरला किती वॉट ते विचारून घ्यावे. एक जात मीटरला पाच वॉटच्या आतबाहेर असते, दुसरी चौदा वॉटच्या. दुसरीची पूर्ण पाच मीटरची गुंडाळी लावली तर बहात्तर वॉट, म्हणजे सहा अँपिअर झाले. एवढ्या छोट्या खोलीला कमी वॉटची दीड-दोन मीटर पट्टी पुष्कळ. ती नुसत्या गोंदावर न सोडता अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवावी. आणि उरलेली पट्टी गुंडाळी करून तशीच जोडलेली ठेवू नये. गुंडाळीत उष्णता बाहेर पडत नाही, ती आतून वितळते. जादा पट्टी खुणेवर कापून टाकावी.

आग दिव्यापेक्षा तारेतून लागते

वर इतके दिव्यांचे गुणदोष सांगितले. पण उत्तम एलईडी लावूनही गाडी पेटू शकते, आणि त्याचे कारण तार. गॅरेजमध्ये एक समज फार पक्का आहे : बारा व्होल्ट आहे, काय होते त्याने? शॉक लागत नाही हे खरे. पण हीच बॅटरी सेल्फ मारताना शेकडो अँपिअर देते. दिव्याची बारीक तार कुठे पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर ते शेकडो अँपिअर त्या बारीक तारेतून धावतात. तार काही क्षणांत लाल होते, तिचे प्लॅस्टिक पेटते, आणि ती तार प्लायच्या मागे गादीच्या उशाशी असते.

त्याला अडवणारी वस्तू एकच, फ्यूज. तो बॅटरीच्या अधिक खुंटीपासून वीतभर अंतरातच बसवावा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज दिव्यापुरता. बॅटरी ते दिवा ही सगळी तार मोकळीच राहिली. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, हे शागिर्दांना पहिल्या दिवशी शिकवले पाहिजे. एक चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार आणि पाच अँपिअरचा फ्यूज, दोन-तीन एलईडींना हे पुरेसे आहे. पात्याच्या फ्यूजमध्ये पाचचा रंग फिकट तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. पाचचा जळाला म्हणून वीसचा पिवळा टोचणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळणे, हे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवणे. फ्यूज जळाला तर आधी तार शोधा. मोबाईल चार्ज करण्याचे सॉकेट आणि पंखा यांचा फ्यूज वेगळा ठेवावा, म्हणजे चार्जरच्या बिघाडाने रात्री अंधार होत नाही.

तारेचा मालही तपासून घ्यावा. वरून तांबे दिसते आणि आत अॅल्युमिनियम असते अशी तार बाजारात भरपूर आहे. ब्लेडने एक केस खरवडला की पांढरे दिसते. अशी तार जास्त तापते आणि गाडीच्या हादऱ्याने तुटते. पत्र्याच्या भोकातून तार काढताना रबरी वायसर घातलाच पाहिजे. भोक कितीही गुळगुळीत केले तरी दोन वर्षांच्या हादऱ्यात ते सुरीचे काम करते. जोड पिळून त्यावर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत आता सोडावी. उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि जोड उघडा पडतो. लग दाबून, वर गरम करून आवळणारी नळी चढवावी. आणि एक बारकावा, जो फार थोड्या मिस्त्रींना ठाऊक आहे : पीव्हीसीची तार थर्मोकोलला टेकवून ठेवू नये. पीव्हीसीला लवचीक ठेवणारे द्रव्य थर्मोकोल शोषून घेते, थर्मोकोल विरघळल्यासारखे होते आणि तारेचे आवरण कडक होऊन तडकते. तार वेगळ्या पाइपातून न्यावी.

काही मालक बॅटरी आतच, झोपण्याच्या फळीखाली ठेवतात. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हा वायू हलका व भडकणारा. दुसरी बॅटरी ठेवायचीच असेल तर तिला बाहेर हवा लागणाऱ्या पेटीत ठेवावे. आणि आत स्वयंपाकाचा छोटा सिलिंडर असेल तर त्याचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीशी साचतो. म्हणून खालच्या बाजूला भोके हवीत आणि दिव्याचे बटण वर, दाराजवळ. वास आला तर बटणाला हात न लावता दार उघडावे.

जनरेटरची लाइन

यात्रेत जनरेटरवाला बल्बमागे पैसे घेऊन लाइन देतो. ही लाइन २३० व्होल्टची, जोड उघडे, तारा पायाखाली, आणि व्होल्टेज कमीजास्त. दुकानासमोर बांबूवर टांगलेला दिवा तिच्यावर चालवायला हरकत नाही. पण ती तार पत्र्याच्या हौद्यात घेऊ नये. आत कुठे आवरण कापले गेले तर अख्खी गाडी करंटची होते आणि ओल्या पायाने दाराला हात लावणारा पहिला माणूस सापडतो. नाइलाजाने आत घ्यायचीच असेल तर तीस मिलिअँपिअरवर पडणारा आरसीसीबी लावल्याशिवाय घेऊ नये. काही लोक गाडीत इन्व्हर्टर बसवून त्यावर घरगुती नऊ वॉटचा बल्ब लावतात. बाराचे दोनशेतीस करायचे आणि बल्बाने आत परत ते कमी करायचे, यात वीज वाया जाते व पत्र्यात विनाकारण मोठा करंट येतो. दिव्यापुरते बारा व्होल्टच उत्तम. घरगुती बल्ब कुठेही घेतला तरी त्यावर मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे.

झोपायचा आणि विकायचा दिवा वेगळा

एकाच दिव्यावर दोन्ही कामे काढू नयेत. झोपण्याच्या बाजूला पिवळसर, तीन हजार केल्विनच्या आतला मंद दिवा लावावा; त्याला किडेही कमी येतात. दुकानाच्या बाजूला मात्र मालाप्रमाणे विचार करावा. खामगावची चांदी पांढऱ्या प्रकाशात खुलते. कापडवाल्याने आणि मणियाराने पेटीवरचा आणखी एक आकडा वाचावा, रंग किती खरे दिसतात त्याचा. त्याला सीआरआय म्हणतात. ऐंशीच्या खाली घेऊ नये, नव्वद मिळाला तर फारच चांगले. हलक्या एलईडीखाली मरून रंग तपकिरी दिसतो, बाई घरी नेते आणि दुसऱ्या दिवशी बदलून मागते. दिव्यात वाचवलेले पैसे असे परत जातात.

कारागिरांसाठी

हे काम धंदा म्हणून पाहण्यासारखे आहे. ऑटो इलेक्ट्रिशियन, पत्र्याचे काम करणारे, सुतार, कुशनवाले, यात आपली पुष्कळ मंडळी आहेत आणि हुन्नर हातात आहे. चौघांनी एकत्र बसून एक गाडी पूर्ण बांधून दिली, तर सुताराने तारेचा पाइप आधीच सोडला असेल आणि इलेक्ट्रिशियनला तयार प्लाय फोडावा लागणार नाही. मजुरी ‘दोन बल्ब’ म्हणून न सांगता फ्यूज, कन्व्हर्टर, लग, पाइप असे वेगवेगळे लिहून सांगावी. गिऱ्हाईक आधी कुरकुरते. जळालेल्या तारेचा तुकडा दुकानात टांगून ठेवावा, मग कुरकुर कमी होते.

कायद्याची बाजू दोघांनीही समजून घ्यावी. आतला दिवा बदलणे ही किरकोळ गोष्ट आहे. पण उघड्या हौद्यावर कायमची खोली उभी करणे हा गाडीतील बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय यांनुसार, उत्पादकाने दिलेल्या व नोंदणीपुस्तकातल्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल मनाने करता येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बुलडाण्याच्या परिवहन कार्यालयात विचारून, जे बसते तेवढेच बांधावे, आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेल्या बदलावरून दावा अडवला जाऊ शकतो. गाडी उभी असताना आत झोपणे वेगळे. मालवाहू गाडीच्या हौद्यात बायकामुले बसवून प्रवास करणे कायद्याला मान्य नाही आणि अकलेलाही नाही.

गाडी ताब्यात देण्याआधी उस्तादाने एक चाचणी घ्यावी. इंजिन चालू ठेवून सगळे दिवे तासभर पेटवावेत. मग प्रत्येक जोड, प्रत्येक लग, फ्यूजची पेटी आणि दिव्याचे बूड यांना हात लावून पाहावा. हात टेकवून ठेवता येत नसेल तर ते काम पुन्हा करावे. त्यानंतर तारांचा साधा नकाशा कागदावर काढून, कोणता फ्यूज किती अँपिअरचा ते लिहून, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा, आणि शेजारी दोन जादा फ्यूज व एक हातबत्ती अडकवावी. हातबत्ती सेलची असावी. चार्जिंगची लिथियमची बत्ती दुपारी तापलेल्या बंद गाडीत सोडून जाणे धोक्याचे असते.